औषध किडीला लागते, मग माणसाला का लागते?



ऊस विकासाच्या कामानिमित्त गावोगाव हिंडताना आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले जातात. सरीचे अंतर किती ठेवावे, बेण्याला प्रक्रिया कशाची करावी, खोडव्यात पाचट ठेवावे की पेटवावे. यांची उत्तरे इतक्या वर्षांत तोंडपाठ झाली आहेत. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका ज्येष्ठ सभासदाने असा प्रश्न टाकला, की माझी पंचाईत झाली. मी उत्तर दिले, पण ते अर्धवट होते. ते पुरे करावे म्हणून हा लेख.

झाले ते असे. सुरू लागणीचा ऊस, खोडकिडीने पोंगे वाळू लागलेले. आबांनी (या सभासदांना गावात सगळे आबाच म्हणतात) रोजंदारीवर पंप मारणारा एक गडी लावला. पस्तिशीचा, धडधाकट, वस्तीवर पंप मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्यामुळे त्याला मागणीही मोठी. आबांच्या आधी चार दिवस त्याने चार वेगवेगळ्या शेतांत तेच औषध मारले होते. आबांचे शेत पाचवे. दुपारी तो बांधावर येऊन बसला. "डोकं गरगरतंय," म्हणाला. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होते. दंडाचे स्नायू आपोआप थडथड उडत होते. उलटी झाली आणि मग त्याला धाप लागली.

गाडीत घालून त्याला तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्यांनी ताबडतोब इंजेक्शन सुरू केले आणि विचारले, "औषध कोणतं मारत होता?" सांगणार कोण? आबा म्हणाले, "ते उग्र वासाचं, पिवळसर." अशा वर्णनाची औषधे दुकानात दहा निघतील. शेवटी आबांच्या नातवाने मोटारसायकल दामटली आणि ओढ्यात फेकलेला रिकामा डबा शोधून आणला. गडी वाचला. आठ दिवसांनी घरी आला.

त्यानंतर आबा गट ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, एक सांगा. चार दिवस त्याला काही झालं नाही. पाचव्या दिवशी तोच पंप, तेच औषध, तोच गडी. मग त्या दिवशीच कसं लागलं? आणि आता तो म्हणतोय, बरा झालोय, परवापासून पंपावर येतो. येऊ देऊ का?"

मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी ऊन फार होतं." ऊन होते हे खरे. घाम आला की औषध कातडीतून लवकर मुरते हेही खरे. पण माझ्या उत्तरात चार दिवसांचा हिशोब नव्हता. तो समजण्यासाठी थोडे आत शिरावे लागेल. घाबरू नका. आपल्याला जायचे आहे ते कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंतच.

विकर म्हणजे जिवंत शरीरातला काटा

प्रत्येक जिवंत वस्तूत, मग तो ऊस असो, कीड असो वा माणूस, क्षणोक्षणी हजारो रासायनिक कामे चाललेली असतात. ही कामे करवून घेणारे जे पदार्थ असतात त्यांना विकर म्हणतात. इंग्रजी शब्द एन्झाईम. एका विकराचे काम साधारण एकच. ते काम करताना विकर स्वतः खर्ची पडत नाही. एक रेणू आला, काम झाले, तो बाहेर पडला, की दुसरा आत. आपल्या काट्यावर जशी एक गाडी चढते, वजन होते, उतरते आणि लगेच मागची चढते, तसेच.

आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ते साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, एक रेणू पाण्याच्या साहाय्याने फोडते आणि त्यातून ग्लुकोज व फ्रुक्टोज निघतात. शेंड्याच्या कोवळ्या, वाढत्या कांड्यांना याची गरज असते, म्हणून तिथे हे विकर भरपूर आणि साखर कमी. वाढे नीट छाटून ऊस पाठवा असे आम्ही कानीकपाळी ओरडतो त्याचे एक कारण हेच. ऊस तुटला तरी हे विकर थांबत नाही. फडात वा गाडीवर ऊस उन्हात पडून राहिला की ते साखर फोडत राहते आणि फुटलेली साखर पोत्यात येत नाही. शिळ्या उसाने उतारा घटतो तो असा.

विकराला आपला माल नेमका ओळखता येतो. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. प्रत्येक विकराला एक खाच असते आणि त्या खाचेत बसणारा रेणूच तिथे बसतो. आपण खाचेऐवजी काट्याची फळी म्हणू. पण खऱ्या किल्लीसारखी दिसणारी दुसरी किल्ली कुलपात अडकली तर? काट्याच्या फळीवर भलतीच गाडी चढली तर? तिथपासून आपल्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. विकराचे काम मंदावणाऱ्या वा बंद पाडणाऱ्या अशा पदार्थाला निरोधक म्हणतात.

हे ज्ञान साखरेवरच मिळाले

सभासदांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. विकरे किती वेगाने काम करतात याचे गणित ज्या प्रयोगाने बसले, तो प्रयोग साखरेवर झाला. १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मिकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉ. मॉड मेंटेन या बाईंनी यीस्टमधले इन्व्हर्टेज घेतले, साखरेच्या पाण्यात घातले आणि साखर किती वेगाने फुटते हे मोजले. मोजले कशाने? पोलरीमीटरने. आपल्या प्रयोगशाळेत रसाचा पोल ज्या जातीच्या उपकरणावर काढतात त्यानेच. सुक्रोजचे पाणी प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते. साखर फुटली की तेच पाणी ते डावीकडे फिरवू लागते. ही जी उलटापालट होते, तिच्यावरून इन्व्हर्टेज हे नाव पडले.

त्या दोघांना आणखी एक गोष्ट दिसली. साखर फुटून तयार झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच पुन्हा त्या विकराला अडथळा करतात. म्हणजे वजन होऊन गेलेली गाडीच वळून पुन्हा फळीवर येऊन उभी राहते आणि मागच्यांचा खोळंबा करते. साखर जास्त घातली की हा अडथळा मागे पडतो. यार्डात आपल्या गाड्यांची संख्या वाढली की फळी मोकळी होताच आपलीच गाडी चढण्याचा संभव वाढतो, त्यातलाच प्रकार. या प्रकाराला स्पर्धक निरोधन म्हणतात.

तीन अडलेल्या गाड्या

आता काट्यावर गाडी अडण्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवा.

पहिला, नुसती भलती गाडी चढली. थोडा वेळ थांबली, निघून गेली. खोळंबा झाला, पण नुकसान थोडे.

दुसरा, फळीवर गाडी पंक्चर झाली. अर्धा-पाऊण तास गेला, चाक बदलले, गाडी आपली आपण निघाली.

तिसरा, फळीवरच गाडीचा आस मोडला. आता ती आपण होऊन हलणार नाही. क्रेन आणून ओढावी लागेल. तीही वेळेवर आली तर! उशीर झाला आणि गाडी फळीला जखडून बसली, तर तो काटा कायमचा गेला. नवा बांधावा लागणार.

आपण किडीवर मारतो त्या औषधांतले दोन मोठे गट या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात बसतात. कार्बोफ्युरानसारखी कार्बामेट गटातली औषधे ही पंक्चर झालेली गाडी. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे ही आस मोडलेली गाडी. पूर्वी हुमणीसाठी आपण फोरेटचे दाणे सर्रास टाकत होतो, तेही याच गटातले. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद झाले. कोणाच्या कोठीत जुना डबा पडून असेल तर तो काढून वापरू नये.

किडीत आणि आपल्यात एकच विकर

ही औषधे बंद पाडतात तो काटा कोणता? आपल्या चेतातंतूंकडून स्नायूंना, ग्रंथींना जो निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन या पदार्थाच्या मार्फत जातो. निरोप पोचला की हा पदार्थ लगेच पुसला गेला पाहिजे, नाहीतर निरोप चालूच राहील. पुसण्याचे काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करते आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू पुसतो. औषधाने हे विकर अडवले की निरोप थांबतच नाही. लाळग्रंथी लाळ सोडत राहतात, घाम येत राहतो, बाहुली आवळलेली राहते, स्नायू थडथडतात आणि मग थकून ढिले पडतात. फुप्फुसात पाणी साठते, श्वासाचे स्नायू थकतात. माणूस दगावतो तो बहुधा श्वास बंद पडून.

खोडकिडीची अळीही याच रीतीने मरते, कारण हे विकर तिच्यातही आहे. इथेच आपली मोठी गैरसमजूत आहे. आपण बोलताना त्याला औषध म्हणतो, आणि किडीचे औषध किडीलाच लागणार असे मनात धरतो. ग्लायफोसेट या तणनाशकाशी तुलना करून पाहा. ते वनस्पतीतले एक विकर अडवते, त्यामुळे काही आवश्यक अमिनो आम्ले तयार होत नाहीत आणि तण वाळते. ते विकर माणसात नाही. (म्हणून ते निर्धोक असे मात्र समजू नका. २०२२ सालच्या अधिसूचनेने त्याच्या वापरावर निर्बंध आले आहेत. शिवाय उसातही ते विकर आहे, म्हणून उडालेल्या तुषारांनी ऊसही जळतो.) ऑर्गॅनोफॉस्फेटचे तसे नाही. त्याचे लक्ष्य किडीत आहे तसेच पंप मारणाऱ्यातही आहे. फरक फक्त मात्रेचा.

या औषधांचा जन्मही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हे रसायनशास्त्रज्ञ नवे कीटकनाशक शोधत होते. त्या शोधात टाबून हा पदार्थ हाती लागला आणि तो युद्धातला विषारी वायू म्हणून लष्कराने उचलला. शेतातले औषध आणि रणांगणातला वायू हे एकाच घराण्यातले आहेत.

चार दिवसांचा हिशोब

आता आबांचा प्रश्न. चार दिवस का लागले नाही?

कारण शरीरात या काट्यांचा साठा गरजेपेक्षा जास्त असतो. थोडे काटे अडले तरी काम भागते, माणसाला काही कळत नाही. साधारणपणे निम्म्याच्या खाली साठा गेला की त्रास दिसू लागतो. पण आस मोडलेली गाडी आपण होऊन हलत नाही, म्हणून आज अडलेले काटे बहुतांशी उद्याही अडलेलेच असतात. नवे काटे शरीर बांधते, पण अगदी सावकाश. रक्तातल्या तांबड्या पेशींतले हे विकर दिवसाला सुमारे १ टक्का या गतीने भरून येते, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि नव्या पेशीबरोबरच नवे विकर येते.

समजण्यापुरता हिशोब मांडू. समजा १०० काटे आहेत. रोजच्या फवारणीत १२ अडतात, रोज १ नवा बांधला जातो. चौथ्या संध्याकाळी ५६ चालू राहतील. गडी ठणठणीत दिसेल. पाचव्या संध्याकाळी ४५ उरतील आणि तो बांधावर बसेल. पाचव्या दिवसाचे औषध जहाल नव्हते. आधीच्या चार दिवसांची उधारी त्या दिवशी वसूल झाली.

त्यात भर म्हणजे क्लोरपायरीफॉससारखी काही औषधे अंगात गेल्यावर यकृतात बदलतात आणि मग खरी जहाल होतात. त्यामुळे शेतात काही न वाटता रात्री घरी त्रास सुरू होऊ शकतो.

आबांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच हिशोबात आहे. गडी आठ दिवसांत बरा झाला म्हणजे लाळ थांबली, धाप थांबली. काटे भरून आले असे नव्हे. ४५ वरून ८० पर्यंत यायला दिवसाला १ प्रमाणे ३५ दिवस लागतील. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फवारणी मजुरांच्या रक्तातले हे विकर हंगामाआधी मोजून ठेवतात. तांबड्या पेशींतले विकर मूळच्या ७० टक्क्यांवर वा त्याखाली आले की मजुराला फवारणीवरून हटवतात आणि ८० टक्क्यांवर आल्याशिवाय परत घेत नाहीत. आपल्याकडे वस्तीवर अशी तपासणी होत नाही. म्हणून आपल्याला दिवस मोजूनच काम केले पाहिजे.

डबा का फेकू नये

डॉक्टरांनी औषधाचे नाव का विचारले हेही आता कळेल. पहिले इंजेक्शन ॲट्रोपिनचे. ते अडलेला काटा सोडवत नाही, साठलेल्या निरोपाचा परिणाम रोखते, लाळ आणि छातीतले पाणी आटवते. ते लक्षणे पाहूनच सुरू करतात. दुसरे औषध प्रालिडॉक्सिम, आयर्विन विल्सन आणि सारा गिन्सबर्ग यांनी १९५५ साली दिलेले. ही आपली क्रेन. ती आस मोडलेली गाडी ओढून काढू शकते, पण वेळेवर आली तरच. गाडी फळीला जखडायला काही औषधांत काही तास लागतात, तर काहींत दीड-दोन दिवस. कार्बामेट असेल तर गाडी आपण होऊन निघते, क्रेनची सहसा गरज पडत नाही. म्हणजे कोणता उपाय, किती घाईने, हे डब्यावरच्या नावावरून ठरते. नातवाला डबा शोधायला लागलेला वेळ हा त्या गड्याच्या काट्यांचा वेळ होता.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. वापरलेल्या औषधांत या गटातली औषधेही होती. तिथली कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. आपला ऊस तर त्याहून वाढतो, हे विसरू नये.

काय करावे

एकाच माणसाला सलग दिवस पंपावर ठेवू नका. आदल्या दिवशी कोणाकडे काय मारले, हे त्याला विचारा. त्याने लपवले तर त्याला दोष देऊ नका, त्याचा रोज बुडतो. दुसरे काम देऊन रोज चालू ठेवा.

गळका पंप पाठीवर देऊ नका. पाठ आणि मांड्या भिजल्या की औषध कातडीतून आत जाते. अंगभर कपडे, हातमोजे, बूट, तोंडाला मास्क द्या. सकाळच्या वेळी आणि वाऱ्याच्या दिशेने पाठ करून मारा. तंबाखू, बिडी, भाकरी हे हात-तोंड साबणाने धुतल्यावरच.

मात्रा मापानेच घ्या. "थोडं जास्त टाका, लवकर मरेल," हे बोलणे बंद करा. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नका.

त्रास दिसला की माणसाला शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा. ते करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. दूध, तूप, ताक पाजू नका. उलटी मुद्दाम काढू नका. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर ठेवा. १०८ ला फोन करा. डबा वा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. म्हणून फवारणी संपेपर्यंत डबा बांधावर झाकून ठेवा, ओढ्यात वा विहिरीत तर कधीच टाकू नका.

आणि पहिला उपाय औषधाचा असायलाच हवा असे नाही. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड, बाळबांधणी वेळेवर आणि वाळलेले पोंगे काढून अळीसह नष्ट करणे. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर बाभूळ-कडुनिंबावरचे भुंगेरे रात्री हलवून गोळा करणे आणि जमिनीत मेटारायझियम बुरशी देणे. भुंगेरे गोळा करायचे तर सगळ्या शिवाराने मिळून करावे लागतात. एकट्याने केले तर शेजारचे भुंगेरे येतातच. हे काम खरे सहकाराचे आहे.

मी पुन्हा आबांकडे गेलो, वहीच्या पानावर शंभर रेघा मारून हा हिशोब त्यांना दाखवला आणि उन्हाचे उत्तर अर्धवट होते हे कबूल केले. आबा बराच वेळ रेघा पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आधीच्या चौघांनी थोडं थोडं घेतलं आणि पाचवा मी निघालो." त्यांनी त्या गड्याला दोन महिने पाणी पाजण्यावर आणि पाचट कुजवण्यावर ठेवले, पंपवाल्याच्याच रोजाने.

येत्या हंगामात आपल्यापैकी कोणीही पाचवा ठरू नये, आणि पहिल्या चौघांतलाही होऊ नये, एवढीच विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग